सेसनाचं ऑइल बदलताना पाना कुठला घ्यायचा: हँगरमध्ये नवीन आलेल्यांसाठी

बारामती, धुळे, जळगाव अशा ठिकाणी फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) शिकणारी पोरं प्रॅक्टिकलला येतात तेव्हा त्यांच्या हातात पहिलं काम बहुतेक वेळा ऑइल चेंजचंच पडतं, आणि पहिला प्रश्नही ठरलेला असतो, सर पाना कुठला घेऊ? प्रश्न साधा वाटतो पण मला विचाराल तर या कामातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण ऑइल ओतायला कोणालाही येतं, फिल्टर मात्र कमी आवळला तर ऑइल गळतं, जास्त आवळला तर गास्केट (गळती थांबवणारी रबरी रिंग) दबतं किंवा आट्यांवर नको तेवढा ताण येतो, आणि हवेत असताना ऑइल गेलं तर इंजिन फार वेळ साथ देत नाही. म्हणून आज फक्त पान्याबद्दल, बाकीची प्रोसीजर जिथे पान्याशी संबंध येतो तेवढीच.

मी सगळं लायकॉमिंग इंजिनवाल्या सेसना १७२ च्या हिशोबाने लिहितोय कारण आपल्याकडे शिकायला तेच जास्त मिळतं. शेवटी रोटॅक्स इंजिनबद्दल पण थोडं आहे, ते वेगळं प्रकरण आहे.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. भारतात हे काम झाल्यावर विमान सेवेत सोडायची सही लायसन्सवाला एएमई करतो (पिस्टन विमानांसाठी बी१.२ कॅटेगरी), त्यामुळे ट्रेनी असाल तर त्यांच्या देखरेखीखालीच हात लावायचा. अमेरिकेत राहणारे आपले काही लोक पार्टनरशिपमध्ये जुनं सेसना घेतात, त्यांना तिथल्या विमान नियमांतल्या पार्ट ४३ च्या अपेंडिक्स ए प्रमाणे प्रायव्हेट पायलट लायसन्सवर स्वतःच्या विमानाचं ऑइल आणि फिल्टर स्वतः बदलून लॉगबुकमध्ये नोंद करता येते. पाना दोघांनाही तोच लागतो.

आधी इंजिन बघा, मग टूलबॉक्स उघडा

काउलिंग (इंजिनवरचं झाकण) काढलं की पहिलं हे बघायचं की इंजिनला स्पिन-ऑन फिल्टर (आट्यांवर फिरवून बसवायचा डबा) आहे का नुसती जाळी म्हणजे प्रेशर स्क्रीन आहे. जुन्या विमानांवर अजूनही स्क्रीनच असते. लायकॉमिंग सांगतं की फुल-फ्लो फिल्टर (सगळं ऑइल ज्यातून जातं तो) असेल तर ५० तासांनी ऑइल बदला, नुसती स्क्रीन असेल तर २५ तासांनी, आणि विमान उडालं नाही तरी ४ महिन्यांनी बदलाच. दोन्ही प्रकारात पाने वेगळे लागतात, म्हणून इंजिन न बघता ट्रेमध्ये टूल भरून नेऊ नका, अर्ध्या कामात ऑइलच्या हाताने टूल क्रिबकडे म्हणजे टूलच्या खोलीकडे पळावं लागतं.

सुरुवात करायच्या आधी मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारे) ऑफ, मिक्सचर आयडल कट-ऑफ म्हणजे इंधन बंद, मास्टर स्विच ऑफ, किल्ली काढून खिशात. प्रॉपच्या म्हणजे पुढच्या पंख्याच्या आसपास काम करताना मॅग्नेटोवर कधीच भरवसा ठेवायचा नाही, ग्राउंडिंगची वायर तुटलेली असेल तर स्विच ऑफ असूनही इंजिन एखादा झटका देऊ शकतं.

नटाचं माप: १ इंच, आणि १ इंचच

कंपनी चॅम्पियन असो वा टेम्पेस्ट, विमानाच्या स्पिन-ऑन फिल्टरच्या मागच्या टोकाला षटकोनी नट असतो, तो १ इंचाचा. गाडीच्या फिल्टरला असा नट सहसा नसतो म्हणून तिथे पट्ट्याचा किंवा साखळीचा रेंच वापरतात, इथे तसं करायचं नाही. डब्याला बाहेरून पकडून फिरवला की पत्रा दबतो, आणि नवा फिल्टर बसवताना असा दबला तर तो फिल्टर गेलाच म्हणायचा.

आता आपल्याकडची खरी अडचण अशी की आपले सगळे पाने मेट्रिक. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्यामुळे २५ चा पाना बसतच नाही, मग कोणीतरी २६ चा लावतो, तो बसतो, आणि इथेच गडबड सुरू होते. ०.६ मिलिमीटरचा खेळ ऐकायला काहीच वाटत नाही पण पाना नटाच्या सपाट बाजूवर न बसता कोपऱ्यावर बसतो आणि जोर पडला की कोपरा खातो. हँगरमध्ये काढलेले जुने फिल्टर पडलेले असतात ना त्यातला एखादा हातात घेऊन त्याचा नट नीट बघा, सैल पाना लागलेला असेल तर सहाही कोपऱ्यांवर रंग उडून पांढरी चकचकीत रेघ दिसते आणि नखाने चाचपलं तर कोपऱ्याची धार गेलेली कळते. सरळ बसणारा पाना लागलेला असेल तर खूण असते ती सपाट बाजूवर, कोपऱ्याच्या धारेवर नाही.

स्क्रू पाना म्हणजे ॲडजस्टेबल तर अजिबात नको. त्याचा जबडा प्रत्येक ओढीला थोडा उघडतो. व्हाइस ग्रिप आणि पाइप पाना याबद्दल बोलायचीच गरज नसावी पण बोलतो, नको.

तर घ्यायचा तो इंची मापाचा, ज्यावर १ इंच एएफ असं कोरलेलं असतं. एएफ म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला टूलची दुकानं लागून लागून आहेत, तिथे इंची सेट मागितला तर मिळतो, तापडियासारख्या आपल्या नाशिकच्या कंपनीचे पाने पण वाईट नाहीत, महागड्या विदेशी ब्रँडच्या मागे लागायची पहिल्या दिवशी काही गरज नाही. दुकानात घेताना सोबत एक जुना वापरलेला फिल्टर घेऊन जा (ऑइल निथळलेला, पिशवीत बांधलेला) आणि त्याच्या नटावर बसवून बघा. पाना हलवला तर डगडग जाणवता कामा नये. ही एक मिनिटाची टेस्ट आहे, दुकानदार काही म्हणत नाही.

जागा किती आहे ते हाताने चाचपून बघा

मापानंतर दुसरा मुद्दा जागेचा, आणि नवीन लोक इथेच फसतात. १७२ वर फिल्टर इंजिनच्या मागच्या बाजूला ॲक्सेसरी केसवर बसतो आणि त्याचा नट बहुतेक करून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पडद्याच्या) बाजूला असतो. मध्ये मॅग्नेटो, वायरिंग, होज, इंजिन माउंटच्या नळ्या. टूलबॉक्समधला लांब दांड्याचा रिंग पाना आत जातो पण फिरत नाही, आणि सहा कोनी गोटी (सॉकेट) नटावर सगळ्यात छान बसते हे खरं असलं तरी गोटी अधिक रॅचेट अशी उंची झाली की मागे फायरवॉल लागते.

म्हणून पाना नेण्याआधी रिकामा हात आत घालून नटापर्यंत न्या, बोटं नटाभोवती फिरवा, नटाच्या मागे किती बोटं मावतात आणि मनगट कुठल्या बाजूला किती वळतं ते बघा. त्यावरून ठरवा. मागे चार बोटं जागा असेल तर आखूड गोटी आणि आखूड रॅचेट चालेल. दोनच बोटं असतील तर आखूड दांड्याचा फिक्स पाना किंवा क्रोफूट, म्हणजे एका बाजूने उघडं असलेलं पान्याचं तोंड ज्याला रॅचेट किंवा टॉर्क रेंचचा चौकोनी दांडा बसतो. फिक्स पान्याच्या तोंडाला साधारण १५ अंशाचा तिरकसपणा असतो, तो उगाच दिलेला नाही, जागा कमी असली की एक ओढ मारून पाना उलटा करून लावायचा, परत एक ओढ, असं थोडं थोडं फिरवत काम होतं.

एकाच मॉडेलच्या दोन विमानांत पण फरक असतो, कुठे फिल्टर आखूड असतो कुठे लांब, कुठे ॲडाप्टर (फिल्टर ज्यावर बसतो तो मधला तुकडा) वेगळ्या कोनाचा. कालच्या विमानावर चाललेला पाना आज चालेलच असं नाही.

काढताना

इंजिन आधी थोडं गरम करून घ्या म्हणजे ऑइल पातळ होऊन घाणीसकट बाहेर येतं, पण एक्झॉस्टला हात लागून भाजेल इतकं गरम असताना आत हात घालू नका.

ड्रेनला क्विक ड्रेन व्हॉल्व असेल तर पाना लागतच नाही, होज लावायचा, मॉडेलप्रमाणे दाबून किंवा दाबून फिरवून उघडायचा. ऑइल निथळल्यावर तो पूर्ण बंद झालाय, स्प्रिंगने परत जागेवर आलाय हे डोळ्यांनी बघा. साधा प्लग असेल तर सेफ्टी वायर (तो आपोआप सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार) कापून नीट बसणारी सहा कोनी गोटी लावायची. सम्प (इंजिनखालचा ऑइल साठायचा भाग) ओतीव धातूचा असतो, त्याचे आटे गेले तर दिवसभराचं काम आठवड्याचं होतं, म्हणून बसवताना आधी हाताने आटे पकडू द्यायचे आणि टॉर्क मॅन्युअलमध्ये असेल तेवढाच.

फिल्टर काढायच्या आधी सेफ्टी वायरचा फोटो काढा, कुठून निघून कुठे बांधलीय ते. मग वायर कापा आणि तुकडे हातातच धरा, खाली पडू देऊ नका. आता पाना नटावर पूर्ण आत सरकवून, दांडा नटाला काटकोनात ठेवून, झटका न देता दाब वाढवत न्यायचा. झटका दिला की पाना घसरतो आणि बोटं थेट मॅग्नेटोवर आपटतात.

फिरताना लक्ष फिल्टरच्या पायाकडे पाहिजे. फक्त फिल्टर फिरतोय का त्यामागचा ॲडाप्टर पण सोबत फिरतोय? काही सेसनांवर कॉन्टिनेंटल इंजिनला ॲडाप्टर लावून फिल्टर बसवलेला असतो, त्या ॲडाप्टरच्या नटावर टॉर्कची रंगीत खूण असते आणि ती सरकलेली नाही हे तपासायला सांगणारा अमेरिकेचा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह म्हणजे पाळावाच लागणारा सुरक्षेचा आदेशच आहे, ९६-१२-२२ नंबरचा. ॲडाप्टर सैल झाला आणि लक्षात आलं नाही तर तुम्ही नवा फिल्टर कितीही छान लावा, गळती मागून होणार. लायकॉमिंगवर कन्व्हर्टर प्लेट आणि तिचं गास्केट असतं, तिथेही हेच, ऑइलचा ओलावा दिसला तर पुढे जायच्या आधी सीनियरला दाखवा.

नट सैल झाला की पाना बाजूला ठेवून बाकी हाताने फिरवा. खाली दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली उभी कापून तिचं पन्हाळं करून धरलं तर ऑइल फायरवॉलवर न सांडता बादलीत जातं. फिल्टर निघाला की जुनं गास्केट त्याच्यासोबतच आलंय ना ते बघा, कधीकधी ते इंजिनलाच चिकटून राहतं आणि त्यावर दुसरं गास्केट बसलं की गळती नक्की.

आवळताना वेगळा पाना

काढायला जो पाना वापरला तोच घेऊन अंदाजाने आवळायचं हे चालत नाही. फिल्टरच्या डब्यावरच टॉर्क छापलेला असतो, १६ ते १८ फूट-पाउंड. आपल्या मापात साधारण २१.७ ते २४.४ न्यूटन-मीटर, इंच-पाउंडमध्ये १९२ ते २१६. हा आकडा फार मोठा नाही, ताकदवान माणूस लांब पान्याने याच्या दुप्पट सहज देतो आणि त्याला कळतही नाही. म्हणून टॉर्क रेंच.

टॉर्क रेंच घेताना त्याची रेंज बघा. चाकाच्या बोल्टांसाठीचा मोठा रेंच, ज्याची रेंज ४० पासून २०० न्यूटन-मीटर असते, तो इथे कामाचाच नाही. आपल्याला हवा असलेला आकडा रेंजच्या मधल्या भागात आला पाहिजे, अगदी खालच्या टोकाला रेंच भरवशाचा राहत नाही. १० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपासचा ३/८ इंच ड्राइव्हचा क्लिक टाइप रेंच या कामाला मस्त. त्यावर कॅलिब्रेशनचं लेबल असतं, तारीख उलटून गेली असेल तर तो उचलायचा नाही, साधारण १२ महिने किंवा ५००० क्लिक हा नियम धरतात. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं म्हणजे आतली स्प्रिंग ताणलेली राहत नाही. आणि टॉर्क रेंचने नट सोडवायचा नाही, कधीच नाही.

आता क्रोफूटचं गणित, हे नीट समजून घ्या कारण परीक्षेतही येतं आणि हँगरमध्येही लागतं. क्रोफूट टॉर्क रेंचच्या पुढे सरळ रेषेत लावला की रेंचची लांबी वाढते आणि रेंचवर दिसतो त्यापेक्षा जास्त टॉर्क नटाला मिळतो. सूत्र असं: हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंचची लांबी अधिक क्रोफूटची लांबी. रेंचची लांबी म्हणजे मुठीच्या मधल्या खुणेपासून चौकोनी दांड्याच्या मध्यापर्यंत, क्रोफूटची म्हणजे चौकोनी भोकाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत. समजा रेंच २५० मिलिमीटर, क्रोफूट ५०, आणि नटाला २३ न्यूटन-मीटर द्यायचेत. २३ गुणिले २५० भागिले ३००, म्हणजे रेंच १९.२ वर सेट करायचा. हे न करता सरळ २३ वर ठेवला तर नटाला २७.६ मिळतात, म्हणजे डब्यावर छापलेल्या कमालच्या पण वर. क्रोफूट रेंचला काटकोनात लावला तर लांबीत फरक पडत नाही आणि काही दुरुस्ती लागत नाही, जागा मिळत असेल तर मी तसाच लावायला सांगतो, आकडेमोडीत चूक व्हायचा चान्सच राहत नाही.

१ इंचाचं तोंड असलेले आणि याच टॉर्कवर आधीच सेट केलेले खास फिल्टरचे टॉर्क रेंच पण मिळतात. हँगरमध्ये एकाच प्रकारची पाच-सहा विमानं असतील तर तो घेण्यासारखा आहे, एकट्यादुकट्या मालकाला क्रोफूटवर भागतं.

बसवण्याची रीत अशी. फिल्टरचा पार्ट नंबर इंजिनच्या यादीशी जुळवा, काहींना आतले आटे असतात काहींना बाहेर आलेला स्टड, ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हातातून खाली पडलेला फिल्टर लावू नका, बाहेरून चांगला दिसला तरी आत काय झालंय ते दिसत नाही. गास्केटला डीसी-४ या सिलिकॉन कंपाउंडचा अगदी पातळ हात द्या, कोरडं गास्केट घासतं आणि टॉर्क त्या घर्षणातच संपतो, रेंच क्लिक करतो पण फिल्टर बसलेला नसतो. मग हाताने गास्केट टेकेपर्यंत फिरवा, त्यानंतर टॉर्क रेंच, सावकाश ओढत एक क्लिक. एकच. खात्री म्हणून दुसरा तिसरा क्लिक मारायची सवय बऱ्याच जणांना असते, प्रत्येक वेळी नट थोडा पुढे जातो.

सेफ्टी वायरची पक्कड

ही पण पान्याच्याच यादीत धरा कारण हिच्याशिवाय काम पुरं होत नाही. वायर ०.०३२ इंचाची स्टेनलेस, पार्ट नंबर एमएस२०९९५सी३२. ट्विस्टर पक्कड साधारण ९ इंची घ्या, फार छोटीत वायर नीट पीळ खात नाही. इंचाला ६ ते ८ पीळ, आणि दिशा अशी की वायर फिल्टरला घट्ट करण्याच्या बाजूला ओढत राहील. फोटो काढला होता ना, तो इथे कामाला येतो. जुनी वायर परत वापरायची नाही. शेवटचं टोक अर्ध्या इंचाच्या आत ठेवून आत वळवा, पुढच्या माणसाच्या बोटात घुसायला नको.

रोटॅक्स असेल तर

एनसीसीच्या पिपिस्ट्रेल व्हायरसवर किंवा इतर हलक्या विमानांवर रोटॅक्स ९१२ असतं, तिथे वरचे आकडे विसरायचे. सगळं मेट्रिक, ऑइल वेगळ्या टाकीत, आणि फिल्टर टॉर्क रेंचने नाही तर हाताने आवळतात, गास्केट टेकल्यावर आणखी पाऊण फेरी. टॉर्क रेंच लागतो टाकीच्या ड्रेन बोल्टला, २५ न्यूटन-मीटर, नवीन वायसर घालून, आणि वर सेफ्टी वायर. प्रॉप हाताने फिरवायचा तो इंजिन चालतं त्याच दिशेने, उलटा फिरवला तर ऑइलच्या लाइनमध्ये हवा जाऊ शकते.

झाल्यावर

काढलेला फिल्टर फेकू नका. तो कापायला डब्बा उघडण्यासारखा खास कटर येतो, हॅकसॉने कापला तर करवतीचाच भुगा आत पडतो आणि मग सापडलेली धातूची चमक इंजिनची का ब्लेडची ते कळत नाही. आतला कागद कापून, दाबून ऑइल काढून उन्हात पसरून बघा, लोहचुंबक फिरवा. एखाद-दुसरा बारीक कण वेगळा, चमचमणारे तुकडे वेगळे, ते दिसले तर विमान तिथेच थांबवून एएमईला दाखवायचं.

ऑइल भरा, १७२एस मध्ये ८ क्वार्ट म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास मावतं. इंजिन चालू केल्यावर ३० सेकंदात प्रेशर दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर लगेच बंद. काही मिनिटं चालवून बंद करा आणि टॉर्च घेऊन फिल्टरच्या पायाभोवती कोरडं बोट फिरवा. बोट ओलं झालं तर तसंच वरून अजून आवळायचं नाही, वायर कापून फिल्टर काढून गास्केट आणि बसायची जागा बघायची.

काउलिंग लावायच्या आधी ट्रेमधली टूल मोजा, क्रोफूट विशेष करून, ती छोटी असते आणि इंजिन माउंटच्या कोपऱ्यात राहून जाते. मग लॉगबुकमध्ये तारीख, टॅकोमीटरवरचे तास, ऑइलचा ग्रेड आणि किती भरलं, फिल्टरचा पार्ट नंबर, दिलेला टॉर्क, फिल्टर कापून काय दिसलं आणि टॉर्क रेंचचा नंबर लिहून सहीसाठी द्या. पहिल्या फ्लाइटनंतर विमान परत आलं की एकदा काउलिंगच्या खालून ऑइलचा ओघळ नाही ना ते बघून घ्या.